गोल्फ, गल्फ आणि तुमचं ‘बघू’

अहो, काल तुमचं तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, पंगती उठल्या, आणि जाताना एकूण एक माणूस मला तेच सांगून गेला. "वहिनी, देवमाणूस होता. आयुष्यात कधी कुणाला नाही म्हणाला नाही." कुणी डोळ्यांना रुमाल लावून म्हणालं, कुणी हात पुसता पुसता म्हणालं. मी पदर सावरून मान हलवत होते आणि आतून माझा नुसता संताप होत होता.

कारण खरंच आहे ते. तुम्ही कधी कुणाला नाही म्हणाला नाहीत. पण हो तरी कुठं म्हणालात? तुम्ही म्हणायचात, "बघू."

गणपतीच्या वर्गणीवाल्यांना बघू. मुलाला मिलमध्ये चिकटवा म्हणणाऱ्या शेजाऱ्याला बघू. गळक्या पत्र्याला बघू, माझ्या माहेरच्या लग्नाला बघू. सगळ्या घराचं भिजत घोंगडं करून ठेवलंत. माझी आई म्हणायची, भीड भिकेची बहीण असते. तुमच्याकडे बघूनच म्हणायची, पण तुम्ही खोलीत आलात की तीच तुम्हाला अजून एक पोळी वाढायची, कारण तुम्ही जावई. आपल्याला मूल नाही, माझ्या बहिणीची धाकटी मुलगी आपली म्हणून आणावी असं मी म्हटलं, तेव्हाही तुम्ही बघूच म्हणालात. तो विषय मी आज काढत नाही, नाहीतर हे लिहिणं इथंच थांबेल.

लोकांना तुमचा स्वभाव फार मऊ वाटायचा. मला विचारा. मऊ गादीवर एक रात्र बरी झोप लागते, रोज झोपलं की पाठ धरते.

आणि तरी एक गोष्ट तुम्ही बघू न म्हणता केलीत. तीच नेमकी अशी निवडलीत की अख्ख्या सोलापुरानं डोक्याला हात लावला. मिलच्या मोठ्या साहेबांना गोल्फ खेळायला जोडीदार नव्हता म्हणून त्यांनी ऑफिसातल्या एका कारकुनाला माळावर नेलं, तो कारकून तुम्ही. तुम्हाला नाही म्हणता आलं नाही म्हणून तुम्ही गेलात आणि तिथं तुमचा जीव जडला. साहेब निवृत्त होऊन गावी गेले, जाताना त्यांची काठ्यांची जुनी पिशवी तुम्हाला देऊन गेले. मग दुष्काळ पडला. पेठेत बाया घागरी लावून टँकरची वाट बघत होत्या आणि माळावर गवताला पाणी मारायला टँकर चालला होता. लोकांनी तो अडवला, आणि बरोबरच केलं. महिन्याभरात गवत जळून गेलं, पुढं तिथं प्लॉट पडले. टँकर अडवला त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "गवत लागणार नाही असा गोल्फ काढतो. छपराखाली. उन्हाचा त्रास नाही, पाण्याचा थेंब नाही."

काढतो म्हणालात. बघू नाही. मी हातातली बशी खाली ठेवून तुमच्याकडे बघत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाला काहीतरी हवंय. लोक तुम्हाला वेडं म्हणाले, तुमचा भाऊ सुरेश तर तोंडावर हसला, पण मी त्या दिवशी तुमच्या बाजूची झाले. तुमच्या कुठल्याही गोडव्यापेक्षा त्या एका ‘काढतो’वर मी जास्त प्रेम केलं. हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मामंजींनी हातमागासाठी बांधलेली शेड वाटणीत आपल्याकडे आली होती, माग केव्हाच मोडले होते, आत भुसा आणि उंदीर. आपण दोघांनी ती झाडली. खाली काथ्याची चटई टाकली, तिच्यावर उभं राहून चेंडू मारायचा. समोरच्या भिंतीपुढं आडव्या वाशाला चादर टांगायची, चेंडू तिच्यावर आपटून मेला पाहिजे. सोलापुरात दुसरं काय टांगणार? शेजारचा मल्लय्या तुमच्या वडिलांच्या वेळेपासून माग चालवणारा. तुम्ही त्याला मैदानाचं चित्र काढून दिलंत, हिरवं गवत, त्यात निळं तळं, वाट आणि बाभळी. दोनच रंगांत विणायचं म्हणून वाट आणि बाभळीही निळ्या. त्यानं विणून दिलेल्या चादरी मी दाभणानं जोडल्या. शाळेत मुलींना काजं-बटणं शिकवणारी मी, त्या जाड चादरी शिवताना माझी बोटं सोलून निघाली.

आणि उद्घाटनाच्या सकाळी मल्लय्यानं चादर टांगली ती नेमकी दुसरी बाजू पुढं करून. आपली चादर दोन्हीकडून दिसते, पण एकीकडचा रंग दुसरीकडे उलटा. गवत सगळं निळंशार, आणि तळं, वाट, बाभळी तेवढ्या हिरव्या.

"मल्लय्या, अहो उलटी लागली," मी म्हणाले.

"वैनी, चादरीला उलटी बाजू नसतंय," तो म्हणाला. "ह्ये पण सुलटी, ते पण सुलटी. तुमाला निळा आवडंना का?"

त्याच्या दृष्टीनं तो अगदी बरोबर होता. तुम्ही नुसतं सांगायचं होतं, मल्लय्या, फिरव. त्याला वाईट वाटेल म्हणून तुम्ही म्हणालात, "राहू दे आज. बघू." ते आज पुढं कितीतरी दिवस चाललं. डॉक्टर, वकील, मिलचे दोन अधिकारी अशी चार डोकी संध्याकाळी यायची आणि समुद्रात चेंडू मारत बसायची.

त्यात तो बोर्ड. पेंटरनं ‘गोल्फ सराव केंद्र’ लिहायचं, तर एक काना आणि एक मात्रा खाल्ली. ‘गल्फ सराव केंद्र’. मी तुम्हाला त्याच दिवशी दाखवलं. तुम्ही चष्मा वर करून वाचलंत आणि म्हणालात, "त्यानं किती मन लावून रंगवलंय. बघू, पुढच्या दिवाळीला नवा करू."

त्या वर्षांत गावोगावी एकच वारं. अमक्याचा पोरगा गल्फला नोकरीला गेला, तमक्यानं तिकडून टेपरेकॉर्डर पाठवला. मग काय व्हायचं ते झालं. एका बाजाराच्या दिवशी मी शाळेतून आले तर शेडच्या दारात चपलांचा ढीग. आत माणसं मांडी घालून बसलेली, फेटेवाली, टोपीवाली, एकाच्या हातात फोटो लावलेला कागद. समोर निळ्या चादरीकडे सगळे टक लावून बघत होते.

"सायबांनी समिंदर बी काढून ठिवलाय की," एक जण म्हणाला. "म्हंजे वलांडून जायाची सवय व्हावी."

मी तिथंच हसून लोटपोट झाले असते, पण तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं. तुम्ही त्यांना चहा सांगितला होता. एकेकाचं नाव-गाव विचारत होता, इंग्रजीत अर्ज कसा लिहायचा ते सांगत होता. हा खेळाचा हॉल आहे, इथून कुणी कुठं जात नाही, एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघेना. "सायेब, आमचं काम व्हईल न्हवं?" असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही म्हणालात... काय म्हणालात ते लिहायलाही माझा हात उठत नाही.

बाकीचे हळूहळू यायचे थांबले. सांगोल्याकडचा तो ज्ञानू गवंडी मात्र दर बाजाराला यायचा. उंच, काटकुळा, हाताला चुन्याच्या भेगा. येताना कधी बोरं आणायचा, कधी शेळीचं दूध. दाराशी बसायचा, डॉक्टरांचे चेंडू चटईखाली गेले तर काढून द्यायचा. मला वाटलं तुम्ही केव्हाच सांगून टाकलं असेल. एक दिवस तुम्ही बँकेत गेला होतात, तो मला म्हणाला, "आक्का, आता लई दिस झालं. पर सायेब बघू म्हणले हायेत, म्हंजे काम व्हणारच की."

मी त्याला सांगितलं. गल्फ नाही, गोल्फ आहे. काठीनं चेंडू मारायचा खेळ आहे. पेंटर चुकला आणि चादर उलटी आहे.

त्यानं उठून चादरीची कड उलटून बघितली. मग म्हणाला, "मंग सायबांनी आदी का न्हाय सांगितलं?" आवाज चढवला नाही त्यानं. "नातेपुत्याला शाळेची इमारत हुती, वरीसभराचं काम. ते सोडून बसलोय मी. सायेब न्हाय म्हणले असते तर मी दुसऱ्या दिशी थापी घिऊन गेलो असतो. न्हाय म्हणायला काय लागतंय, आक्का?"

त्या संध्याकाळी आपलं कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे मी भांडले. तुम्ही कॉटवर बसून पायाचा अंगठा बघत होता. "एवढ्या आशेनं आलेला माणूस," तुम्ही म्हणालात, "त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?" मी म्हणाले, तोंडावर नाही म्हटलं तर माणूस शिव्या देत घरी जातो आणि दुसरं दार ठोठावतो. बघू म्हटलं की तो तुमच्याच दारात बसून म्हातारा होतो. तुम्ही ऐकून घेतलंत. मान हलवलीत. आणि म्हणालात, "तुझं बरोबर आहे. बोर्डाचं बघू."

दुसऱ्या दिवशी मीच शिडी लावून बोर्ड उतरवला, आणि टाके उसवून चादर फिरवली. मल्लय्या चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला. एवढंच होतं ते.

ज्ञानू परत आला नाही. कालही आला नाही. अख्ख्या तेराव्याला एकच असा माणूस गैरहजर होता ज्यानं तुम्हाला देवमाणूस म्हटलं नसतं, आणि मला कालपासून त्याच्याशीच बोलावंसं वाटतंय.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल. चादर सरळ झाली आणि तुमचा तो हॉल खरंच रंगात आला. चेंडू खडूच्या भुकटीत घोळवायचा, चटईवर ठेवायचा आणि मारायचा. धप्प आवाज व्हायचा, चादरीवर पांढरा ठिपका उमटायचा. मग तुम्ही पुढं जायचात, ठिपका बघायचात, कानात तो आवाज अजून घोळत असल्यासारखी मान तिरकी करायचात, आणि तो चेंडू खऱ्या माळावर कुठं गेला असता ते सांगायचात. "वर चढला, डॉक्टर. छान चढला. आता वाऱ्यानं उजवीकडे ओढला. वाट ओलांडली. म्हशी बसल्यात तिथं, त्यांच्या पुढं. आणि गेला बाभळीत." डॉक्टर म्हणायचे, "बाभळीत कसा? चांगला लागला होता की." तुम्ही म्हणायचात, "चांगला नव्हता लागला. खांदा सोडलात तुम्ही."

मी मागं बाकावर बसून फाटलेल्या चादरी रफू करायची. मला त्या शेडमध्ये माळ दिसायचा. उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळत असायचं आणि आत तुम्ही बोलत असायचात, आणि चार शहाणी माणसं चादरीपलीकडं मान लांबवून बघायची. एवढा आनंद मला तुमच्या संगतीत दुसऱ्या कुठं मिळाला नाही. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे रागानं लिहीत असले तरी खरं आहे.

पण बघा, तिथं तुम्हाला बोलता येत होतं. वकिलांना तुम्ही तोंडावर सांगायचात, तुमचा चेंडू तळ्यात. त्यांनी कधी राग धरला नाही, उलट दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. स्पष्ट बोलल्यानं माणूस तुटत नाही हे तुम्ही रोज संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता. मग घरी येताना ते शहाणपण कुठं ठेवून यायचात?

मला खेळायचं होतं. हे तुम्हाला माहीत होतं. रविवारी सकाळी शेड बंद असते, तेव्हा मला शिकवा, असं मी तुम्हाला साधं, सरळ विचारलं होतं. लोक काय म्हणतील, एवढं जरी म्हणाला असतात तरी मी भांडले असते. बाईमाणसाचं हे काम नव्हे म्हणाला असतात तर दोन दिवस स्वयंपाक बंद ठेवला असता. तुमच्या बघूशी कसं भांडायचं? एका रविवारी तुम्ही मला नेलंत. माझ्या हातात काठी दिलीत, माझी बोटं एकेक करून तिच्यावर बसवलीत, डाव्या हाताचा अंगठा खाली, उजव्याची पकड सैल. मी पदर खोचला. तेवढ्यात दार वाजलं. कोण होतं? मल्लय्या, तंबाखूसाठी चुना मागायला. तुम्ही दचकून माझ्या हातातली काठी काढून घेतलीत आणि पिशवीत घातलीत. तो गेल्यावर मी पुन्हा हात पुढं केला. "आता नको," तुम्ही म्हणालात. "बघू पुढच्या रविवारी."

किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. मोजले असते तर तुमच्याबरोबर राहता आलं नसतं.

आणि मग तुमच्या छातीत दुखायला लागलं. चढण चढताना थांबायचात, डावा खांदा दाबायचात. पित्त आहे म्हणालात. मी म्हणाले, डॉक्टरांना दाखवा. तुम्ही म्हणालात, बघू. अहो, डॉक्टर कुठं मुंबईला नव्हते. ते रोज संध्याकाळी तुमच्यापासून हाताच्या अंतरावर उभं राहून चेंडू मारत होते. तुम्ही त्यांच्या खांद्याला हात लावून सांगायचात, खांदा सोडू नका. तुमच्या स्वतःच्या खांद्याबद्दल एक शब्द नाही. खेळायला आलेल्या माणसाला कसं सांगायचं, त्यांना विरंगुळा हवा असतो, असं तुम्ही मला म्हणालात. मी त्यांना सांगते म्हटलं तर मला तुमची शपथ घातलीत.

त्या दिवशी दुपारी तुम्ही चटई झटकत होता आणि तिथंच बसलात. मल्लय्या माग सोडून धावला. मी शाळेतून येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर बाहेर ओट्यावर डोकं धरून बसले होते. "वहिनी, रोज समोर होते हो," ते म्हणाले. "मला एकदा बोलले असते." मी त्यांना काय सांगू? की डॉक्टर, तुमच्या मित्राला तुमची भीड वाटली म्हणून तो मेला? असं मरतं का कुणी? कालपर्यंत मला रडू नीट आलं नव्हतं. दात ओठ खाऊन माझा जबडा दुखतो.

काल पंगत उठल्यावर सुरेशभाऊजी माझ्याजवळ बसले. गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, शेड आता रिकामीच पडणार. पॉवरलूम टाकायचे, विजेचा अर्जही देऊन ठेवलाय मी. दादाला विचारलं होतं."

"मग ते काय म्हणाले?"

"बघू म्हणाला." आणि हसले. "म्हणजे नाही म्हणाला नव्हता. दादाचा शब्द आहे तो."

माझ्या ओठांवर आलं होतं, की अहो, त्यांचा बघू म्हणजे नाही. सगळं आयुष्य मी त्या शब्दाशी संसार केलाय, मला त्याचा अर्थ कुणी शिकवू नये. आणि तोंड उघडलं तशीच मी थांबले. भाऊजींना बघू म्हणजे नाही, तर मग मला? माझ्या रविवारचा बघू? बहिणीच्या मुलीचा बघू? तेही सगळे नाहीच होते का? तुम्ही मला कधीच शिकवणार नव्हता का? आणि मला तो हो वाटला असेल, तर भाऊजींना त्यांचा हो का वाटू नये? बघा, कुठं आणून ठेवलंत मला. तेराव्याच्या पंगतीत, खरकटी पानं उचलायची बाकी असताना, मी तुमच्या एका शब्दाचा अर्थ लावत बसले होते, आणि जो अर्थ लावू त्यात काहीतरी हातचं जात होतं.

भाऊजी वाट बघत होते. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. ज्ञानूच्या डोळ्यांतही नव्हती. तुम्ही दोघांनाही एकाच रांगेत उभं केलं होतंत आणि मला त्यांच्या मागं.

"त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, भाऊजी," मी म्हणाले. "आणि आता ते कुणालाच कळायचं नाही. शेड माझी आहे. मी नाही म्हणते."

"विचार करा, वहिनी. चार दिवसांनी बोलू."

"चार दिवसांनीही नाही. विजेचा अर्ज परत घ्या."

ते उठले. "दादा असता तर असं बोलला नसता," म्हणाले.

"नसते बोलले," मी म्हणाले. ते रागानं गेले. जेवून गेले, पान न खाता गेले. दिवाळीपर्यंत बोलणार नाहीत, मग बोलतील. मी पानं उचलली. तो शब्द तोंडातून निघायला काही कष्ट पडले नव्हते, हे मला तुम्हाला मुद्दाम कळवायचंय.

आज सकाळी मी शेड उघडली. चटई झटकली. चेंडू खडूत घोळवला. पिशवीतून एक काठी काढली, कुठल्या नंबरची ते बघितलंही नाही. बोटं जशी बसवली होतीत तशी बसवली, पण उजव्या हाताची पकड सैल काही राहिना, इतका राग होता. पहिल्यांदा काठी चटईला घासली. दुसऱ्यांदा हवेत गेली. तिसऱ्यांदा धप्प आवाज झाला आणि ठिपका उमटला, उजवीकडे, बराच वर.

मी थांबले. पुढं जाऊन ठिपका बघणारं कुणी नव्हतं. चादर थोडी हलत राहिली आणि मग तीही थांबली. त्या चादरीचा टाका न् टाका माझ्या हातचा आहे, पण चेंडू कुठं गेला ते तिच्याकडे बघून मला कळेना. तेव्हा मी रडले, अहो. तेरा दिवसांचं सगळं तिथं, काथ्यावर बसून.

दवाखान्यात जाता जाता डॉक्टरांना दार उघडं दिसलं असावं. ते उंबऱ्याशी कधीचे उभे होते कोण जाणे. मी डोळे पुसून उठले, तशी त्यांनी चादरीकडे बघितलं आणि चाचरत विचारलं, "वहिनी, कुठं गेला असेल हा?"

"लांब गेला," मी म्हणाले. "वाट ओलांडून, म्हशी ओलांडून, बाभळींच्या पार पलीकडे."

डॉक्टरांनी मान हलवली. खोटंही असेल ते. पण तुम्ही नाही आहात, तेव्हा आता मी म्हणेन तिथंच तो पडणार.